आवंढा

दुकानात आरसे इतके होते की त्यांतल्या एकातही ती स्वतःकडे पाहत नसे. ते गिऱ्हाइकांसाठी होते. टेबलावरचे लहान, मागेपुढे कलते करता येणारे, भिंतीवरचे उभे, आणि चष्म्यांच्या मांडण्यांमधून बसवलेल्या अरुंद पट्ट्या. त्या सगळ्यांतून ती दिवसभर दुसऱ्यांची तोंडं पाही. चष्मा नाकावर चढला की माणूस ओठ आत घेतो, भुवया उंचावतो, क्षणभर स्वतःलाच परका होतो, हे तिला पाठ झालं होतं. त्या दुपारी एक जाडजूड गृहस्थ एकामागून एक फ्रेम घालून पाहत होते आणि त्यांचं काही ठरत नव्हतं. ती त्यांच्या मागे उभी होती. बोलून बोलून घसा कोरडा पडला म्हणून तिने बाटली तोंडाला लावली आणि त्यांच्या खांद्यावरून आरशात तिला आपली मान दिसली. पाण्याचा घोट खाली गेला; त्याच्या मागोमाग, जरासं उशिरा, उजव्या बाजूला कातडीखालून काहीतरी वर चढलं आणि उतरून पुन्हा जागेवर बसलं. द्राक्षाएवढं. तिने दुसरा घोट घेतला. ते पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. आपल्याच घरात कुणी बिऱ्हाड करून राहिलेला असावा आणि इतक्या दिवसांनी जिन्यात पहिल्यांदा त्याची गाठ पडावी, तसं तिला वाटलं. आणि गाठ हा शब्द मनात आला म्हणून ती दचकली. "कशी दिसते?" गृहस्थांनी विचारलं. "शोभून दिसते," ती म्हणाली. "मग हीच द्या," ते खूश होऊन म्हणाले, आणि तिने त्यांच्या कानामागे बोट घालून दांडी किती वाकवायला हवी ते पाहिलं, फ्रेम गरम वाळूत धरली, वाकवली, पुसली, परत त्यांच्या नाकावर ठेवली. हात नेहमीसारखे चालत होते. हातांना अजून काही कळलं नव्हतं.

नेहमीचे डॉक्टर तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि गळा दाबायला आल्यासारखी दोन्ही हातांची बोटं त्यांनी तिच्या मानेवर ठेवली. "गिळा," ते म्हणाले. तिने आवंढा गिळला. "पुन्हा." दुसऱ्यांदा मात्र गिळायला तोंडात काही उरलंच नव्हतं. समोर शरीराच्या आतल्या भागांचा एक तक्ता टांगलेला होता. तिला एकदम हसू आलं. कारण घरी दिवसातून तीनदा हा शब्द तीच म्हणायची. गिळा. घाई नाही. आधी तोंडातलं संपवा. हनुवटी खाली घ्या, हं, आता गिळा. नवऱ्याला झटका आला त्यानंतर त्याची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि गिळणं निम्म्यावर आलं. पाण्यासारखं पातळ काहीही थेट श्वासनळीत जायचं, म्हणून सगळं दाट करून, चमच्याचमच्याने, आणि प्रत्येक चमच्याला तिचा शब्द. "बहुतेक वेळा काही नसतं," डॉक्टर हात धूत म्हणाले. "थायरॉइडच्या गाठी पुष्कळ बायकांना असतात. मानेची सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल." बाहेर पडताना तिच्या डोक्यात तो एकच शब्द राहिला. सोक्षमोक्ष. त्यातला मोक्ष तिला मुळीच आवडला नाही.

सोनोग्राफीच्या दिवशी नवऱ्यापाशी बसायला तिने नणंदेला बोलावलं. नणंद वयाने मोठी, विधवा, गुडघ्यांनी बेजार, गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहणारी, ती सकाळीच आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "तू जा निवांत. माझाच भाऊ आहे, मला काय खाणार आहे?" सूप किती दाट हवं, चमचा जिभेवर कुठे ठेवायचा, खोकला आला तर पुढे कसं वाकवायचं, हे सगळं तिने नणंदेला दोनदा दाखवलं. नवरा खुर्चीतून दोघींकडे पाहत होता. किती समजतं त्याला? मेंदूच्या डॉक्टरांनी तेव्हा खांदे उडवले होते: बरंचसं समजत असावं, किंवा थोडंसं, ते सांगता येत नाही, तुम्ही बोलत राहा. ती बोलत राहिली होती. दुकानातल्या गमती, भाज्या महागल्याच्या तक्रारी, वरच्या मजल्यावरची भांडणं, सगळं त्या गप्प चेहऱ्यासमोर ओतत राहिली. आता त्या घरात तिच्याशिवाय आवाजच नव्हता. आणि पहिल्यांदा, गेल्या काही दिवसांत, तिला आतून वाटू लागलं होतं की त्याला काहीच समजत नसेल तर बरं होईल. "जाऊन येते," ती त्याला म्हणाली, कुठे ते म्हणाली नाही.

सोनोग्राफीच्या जागी सगळं स्वच्छ, थंड आणि फिकट हिरवं होतं. काउंटरवरच्या चटपटीत मुलीने एका दमात सांगितलं, "उपाशी राहायची गरज नाही, मॅडम. गळ्यातलं काढून पर्समध्ये ठेवा. आत पाठीवर झोपायचं, मान मागे, जेल लावतात ते गार लागतं, बाकी दुखत नाही, सुई नाही, काही नाही. पंधरा-वीस मिनिटं. लगेच घरी जाता येतं." ती मान हलवत राहिली. काय काय होणार ते इतकं नीट आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, त्या सकाळीही नाही. त्या सकाळी नवरा नेहमीसारखा शीळ घालत बाहेर पडला होता. तो गाडी चालवायला शिकवायचा; आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसून बडबडणं हाच त्याचा धंदा. क्लच हळू सोडा, अहो हळू, ती गाडी आहे, सासू नाही. आरशात बघा. बघितलंत? मग कुणाला दिसला तो ट्रक, मला की तुम्हाला? घरी आला तरी तोंड चालूच. बायकोला मात्र त्याने गाडी शिकवली नाही. "शेजारी बसून तुला ओरडायचं आणि मग घरी येऊन तुझ्याच हातचं जेवायचं, एवढं धाडस नाही माझ्यात," म्हणायचा. तर त्या सकाळी एक शाळामास्तरीण गाडी चालवत होती आणि शेजारची बडबड अर्ध्या वाक्यात थांबली. तिला वाटलं, आज मास्तर खूश आहेत, काही चुकत नसेल आपलं. ती बराच वेळ तशीच चालवत राहिली. मग वळून पाहिलं तेव्हा कुठे तिने दिवा दाखवून, आरशात बघून, गाडी अगदी कडेला नीट लावली. नंतर दवाखान्यात सगळे तिचंच कौतुक करत होते, पहिल्यांदाच एकटीने किती व्यवस्थित लावली म्हणून. बिचारीला रडू आवरत नव्हतं. "मी फार चांगली चालवतेय असं वाटलं हो मला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आतल्या खोलीत अंधार केलेला होता. डॉक्टर बाई तरुण होती, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. "खांद्यांखाली ही उशी घ्या, डोकं मागे सोडा. अजून. छताकडे नाही, मागच्या भिंतीकडे बघायचंय असं समजा." डोकं मागे गेलं तसा गळा ताणून उघडा पडला आणि तिला वाटलं, हा अवयव आपण कुणाला असा कधी दाखवलेला नाही. जनावरंसुद्धा हरल्यावरच दाखवतात. गार जेलचा गोळा पडला, मग साबणाच्या वडीएवढं गुळगुळीत यंत्र उजव्या बाजूला टेकलं आणि सावकाश फिरू लागलं. "बोलू नका आता. आणि मी सांगेपर्यंत गिळू नका." हे ऐकताक्षणी तिच्या घशात झरा फुटल्यासारखं झालं. आजवर कधी नव्हती इतकी लाळ तोंडात जमली. न गिळणं एवढं कठीण असतं हे तिला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे तिचा जन्मच गिळण्यात गेला होता. सासूचे टोमणे, मूल होत नाही म्हणून पहिली काही वर्षं पाहुण्यांच्या नजरा, दुकानात मालकाचा चढा आवाज, झटक्यानंतर नवऱ्याला आंघोळ घालताना येणारा राग, आणि तो राग आला म्हणून वाटणारी लाज. कुणी म्हणालं नव्हतं की थांबा, गिळू नका. आणि आता या अंधारात, मानेवर गार थर घेऊन, पहिल्यांदा कुणीतरी तिला ते सांगत होतं आणि ते तिच्याच्याने होत नव्हतं.

पडदा डॉक्टर बाईच्या बाजूला वळवलेला होता. तिला दिसत होती ती फक्त बाईची हनुवटी, आणि चष्मा. चष्मा तिने नकळत तपासला. डावी दांडी वर, उजवी किंचित खाली. नाकावरचं एक पॅड झिजलेलं. त्यामुळे बाई दर थोड्या वेळाने तो मधल्या बोटाने वर ढकलत होती. दुकानात आली असती तर दोन मिनिटांत सरळ करून दिला असता. आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या काचांत काहीतरी हलतंय. पडदाच तो. दोन्ही काचांत एक एक, नखाएवढा, करड्या उजेडाचा. धुक्यासारखं करडं, त्यात काळे खळगे, आणि त्या करड्यात एक गडद डाग, ज्याची कड सरळ नव्हती, कुरतडल्यासारखी होती. यंत्र पुढे जाई, डाग निघून जाई; यंत्र मागे येई, डाग परत. बाईचा हात त्याच जागी परत परत येत होता. टक, टक, टक, ती कळा दाबून काहीतरी मोजत होती. मग तिने एक बटण फिरवलं आणि खोलीभर एकदम आवाज घुमला, ओल्या वाऱ्यासारखा, घुस-घुस-घुस. "रक्ताचा प्रवाह आहे तो, घाबरू नका," बाई म्हणाली. ती घाबरली नव्हती. ती त्या काचांकडे पाहत होती. माणसांचे चेहरे पाहून तिचे केस पिकले होते. नंबर वाढलाय हे माणूस सांगायच्या आधी तिला कळत असे. त्या तरुण चेहऱ्यावरची हसरी, कामापुरती रेघ कधी पुसली गेली ते तिला नेमकं दिसलं. यंत्र आता मानेच्या कडेने, कानाखालून खांद्यापर्यंत सरकत होतं, जिथे काही असण्याचं कारण नव्हतं, आणि तिथेही थांबत होतं. टक, टक. "आता गिळा एकदा," बाई म्हणाली, आवाज मवाळ करून. एवढा वेळ साठलेलं सगळं तोंडात असून ते खाली जाईना. हनुवटी खाली घ्या, हं, घाई नाही, तिने मनातल्या मनात स्वतःला सांगितलं.

जेल पुसायला बाईने कागदी रुमालांचा जुडगा दिला. ते चिकट होतं, कानामागे केसांत गेलं होतं. "सोबत आहे का कुणी?" "नाही." बाई खुर्ची जवळ ओढून बसली. "हे बघा, उजव्या बाजूला गाठ आहे. बहुतेक गाठी साध्या असतात, हे मी सगळ्यांना सांगते. पण तुम्हाला उगीच धीर द्यायचा म्हणून नाही सांगणार. हिचं रूप मला बरं वाटत नाही. आणि कडेला मानेत दोन-तीन गाठी आहेत, त्याही. सुईने थोड्या पेशी काढून तपासायला लागतील, लवकर. मग पुढचं सर्जन ठरवतील." "ऑपरेशन?" "बहुधा." "आवाज जातो का त्यात?" बाईने चष्मा वर ढकलला. "आवाजाची नस तिथूनच जाते. जपतात ते. बसतो कधी कधी थोडे दिवस. क्वचित कायमचा." आणि मग, डॉक्टर असून न राहवल्यासारखं, "तुम्ही गाता का?" "नाही," ती म्हणाली. "मी घरी बोलते." बाईला ते कळलं नसावं. तिने मान हलवली, दार उघडून धरलं. बाहेरच्या उजेडात डोळे दिपले. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "बघा, काही दुखलं का?" खरंच काही दुखलं नव्हतं. मुलीने जे जे सांगितलं होतं ते सगळं तसंच्या तसं झालं होतं.

रस्त्यावर माणसं होती, सगळ्यांना माना होत्या. इतक्या माना तिने कधी पाहिल्या नव्हत्या: टाय बांधलेल्या, घामट, लहान मुलांच्या काडीसारख्या, म्हाताऱ्यांच्या लोंबत्या कातडीच्या, आणि प्रत्येकीत काहीतरी वरखाली होत होतं. कुणी सिग्नलपाशी सँडविच खात होता, कुणी फोनवर भांडत होती, आणि कुणाच्याही लक्षात नव्हतं की आपण गिळतोय. ती पाय नेतील तिकडे चालली. मनाशी तिने हिशेब मांडायचा प्रयत्न केला: दवाखान्यात राहायचं, तेव्हा त्याच्यापाशी कोण, घरी आल्यावर खांद्याला जोर द्यायचा नाही म्हणतात, मग त्याला खुर्चीतून पलंगावर कोण, आवाज बसला तर गिळा कोण म्हणणार. प्रत्येक प्रश्न एका भिंतीपाशी जाऊन थांबे आणि भिंत तीच असे. आपण मरू की काय ही भीती तिला अजून नीट शिवलीच नव्हती. मरायला मोकळीक लागते. एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं आणि तिने मान खाली घातली, तिथे कुणी ओळखीचं भेटेल अशी धास्ती वाटल्यासारखी.

नणंद दारातच उभी होती, पिशवी खांद्याला. तिच्या पदरावर सूप सांडल्याचे डाग होते. "काय म्हणाले?" "सुईने तपासायचं म्हणतात. मग ऑपरेशन असेल बहुतेक." नणंदेने दाराची चौकट धरली. तिचा चेहरा पडला, मग ती हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलू लागली. "दुपारी ठसका लागला गं त्याला. निळा पडला. मी पाठीवर मारतेय, आणि तो माझ्याकडे बघतोय. मला वाटलं, गेला माझ्या हातून. मग कपडे बदलायला लागले. मोठ्या बहिणीसमोर... त्याने तोंड फिरवलं, गं." तिचे डोळे भरले होते. "तू मला काहीही बोल. पण मी तुला आत्ताच सांगते, म्हणजे तू माझ्या भरवशावर राहू नकोस. मला नाही जमणार. एक दिवससुद्धा नाही. सूनबाईला विचारायची सोय नाही, तुला माहितीये. देव तुला..." पुढचं तिने सोडून दिलं. तिला नणंदेचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, निदान धरायला काहीतरी मिळालं असतं. "सांभाळून उतरा, ताई," ती म्हणाली. "जिन्यातला दिवा गेलाय." नणंद एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत गेली आणि तिच्या उतरण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

नवरा खिडकीपाशी खुर्चीत होता. नणंदेने त्याला शर्ट उलटा घातला होता, शिवण बाहेर. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली. सवयीने बोलू लागली. आज कुठे गेले होते सांगू? पहिल्यांदा तिने डॉक्टर बाईच्या वाकड्या चष्म्याचं सांगितलं, गार जेलचं सांगितलं, मग गिळू नका म्हटल्यावर कशी पंचाईत झाली तेही सांगितलं. मग ते संपलं आणि सांगायचं तेवढंच उरलं. "अहो," ती म्हणाली, "माझ्या गळ्यात गाठ आहे. चांगली नाहीये म्हणतात. कापायला लागेल. मग तुमचं कसं करायचं, मला कळत नाहीये."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या चांगल्या बाजूचा ओठ थरथरला, वर गेला, आणि तो हसू लागला. झटक्यानंतर हे असं होत असे. मेंदूत हसण्याची आणि रडण्याची वाट एकमेकींत मिसळून गेली होती, आणि त्याला रडू येतंय की हसू हे त्याच्या तोंडावरून कुणालाच ठरवता येत नसे. एकदा सुरू झालं की त्याला ते थांबवताही येत नसे. तो हसत होता, मोठमोठ्याने, पोट धरून हसावं तसा, जसा पूर्वी स्वतःच्याच विनोदांवर हसायचा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नका ना," ती म्हणाली. "अहो, पुरे." त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटत होता. पर्समध्ये फोन वाजला तशी ती उठली. काउंटरवरची मुलगी होती.

"मॅडम, डॉक्टरांनी तुमच्यासाठी मुद्दाम वेळ काढलाय. उद्या सकाळीच या, सुईच्या तपासणीला. घाबरण्यासारखं काही नाही, चिमटा घेतल्यासारखं होतं फक्त. पण सोबत कुणीतरी आणा हं, एकट्या पेशंटला नाही घेत आम्ही. चक्कर येते कुणाकुणाला."

ती मनातल्या मनात माणसं चाळू लागली. दुकानातली मुलगी? तिला कामाला लागून अजून महिना भरला नव्हता. मालक? शेजारीण गावाला गेलेली. मागे हसणं चढतच होतं.

"पाहुणे आलेत का घरी?" मुलीने विचारलं. "मजा चाललीय वाटतं."

"नाही. मिस्टर आहेत."

"अहो, मग झालंच की! त्यांनाच घेऊन या. सांगा नाव, लिहून ठेवते."

तिने नवऱ्याचं नाव सांगितलं, आडनावासकट. कितीतरी काळात तिने ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं. घरात तो अहो होता आणि दवाखान्यात पेशंट. नाव तोंडातून बाहेर पडलं आणि मागचं हसणं थांबलं. ओसरत नाही, एकदम. ती वळली. तो तिच्याकडे पाहत होता, गाल ओले, श्वास लागलेला, आणि त्या डोळ्यांत अजाणपणाचा कुठेही मागमूस नव्हता. काय ठरतंय, कशासाठी ठरतंय, आणि आपल्याकडून त्यातलं काय होणार आहे, सगळं त्याला समजलं होतं. आजचंच नव्हे. पहिल्या दिवसापासूनचं, तिने ओतलेलं, पुटपुटलेलं, आंघोळीच्या वेळी दातओठ खाऊन म्हटलेलं, सगळं. त्याने हळूहळू मान फिरवली आणि चेहरा भिंतीकडे केला.

"येतील ना नक्की?" मुलगी विचारत होती.

"हो," ती म्हणाली. "येतील." आणि त्याच्या उलट्या शर्टाच्या वर दिसणाऱ्या मानेकडे, तिथल्या पांढऱ्या केसांकडे, पाहत उभी राहिली. फोन केव्हाच बंद झाला होता.